तंबाखूची वखार आणि शेतकऱ्याचा निर्णय



अर्थशास्त्राच्या क्रमिक पुस्तकातला विक्रेता सगळे भाव जाणतो, त्यांची तुलना करतो आणि सर्वाधिक लाभाचा निर्णय घेतो. हर्बर्ट सायमन या अमेरिकन पंडिताने हे चित्र नाकारले. माणसाची माहिती तोकडी, वेळ त्याहून तोकडा. म्हणून तो सर्वोत्तम नव्हे, तर पुरेसा वाटणारा पर्याय पत्करतो. पेढ्यादेखील पुष्कळशा रुळलेल्या नियमांनीच चालतात, असे त्याचे प्रतिपादन. 1978 साली त्याला नोबेल पारितोषिक मिळाले. त्याचे विचार वाचताना मला मात्र निपाणीची वखार आठवत राहिली.

माझे वडील दरवर्षी एकाच वखारीत तंबाखू घालीत. शेजारच्या वखारीत भाव का विचारीत नाही, असे मी एकदा विचारले. "आणि पुढच्या हंगामाला उचल कोण देणार?" एवढेच ते म्हणाले. सायमनच्या भाषेत हा पुरेसा पर्याय होय. तो पुरेसा कसा ठरला, हे मात्र इतिहासालाच विचारावे लागते.

1943 साली सरकारने तंबाखूवर उत्पादन शुल्क बसवले. शुल्क न भरता माल साठवायचा तर परवान्याची वखार हवी. दोन-चार एकरांच्या धन्याला ती कोठून परवडणार? 1979 साली कच्च्या तंबाखूवरील शुल्क उठले. कागदावर शेतकरी मोकळा झाला. परंतु उचल राहिली, प्रत ठरवणारा व्यापाऱ्याचा हात राहिला, पावसाआधी माल काढण्याची निकडही राहिली. व्यापाऱ्यापाशी अनेक गावांचा हिशेब असे, शेतकऱ्यापाशी केवळ आपल्या पोत्यांचा. एकट्याने वखार बदलणे म्हणजे सारे वर्ष पणाला लावणे.

14 मार्च 1981 रोजी शरद जोशींच्या नेतृत्वाखाली तंबाखूच्या भावासाठी निपाणीत पुणे-बंगलोर महामार्ग अडवला गेला. जोशी एकेकाळी कोल्हापुरात वाणिज्य शिकवीत असत, हे आपल्यापैकी काहींना ठाऊक असेल. शेजारी बसला म्हणून दुसरा बसला, आणि एकट्याला जे धाडस वाटे ते हजारोंना साधे वाटू लागले. 6 एप्रिलला पोलिसांनी गोळीबार केला. त्यात 12 शेतकरी मरण पावले.

वडील त्या रस्त्यावर बसले होते. पुढे घरी परतल्यावर त्यांनी उचलीची वही काढली आणि मागील सगळ्या वर्षांचे आकडे, पहिल्यांदाच, माझ्याकडून मोठ्याने वाचून घेतले.