विहिरीतला गेरू काय सांगतो?



आपल्या अंबरनाथ-बदलापूर पट्ट्यात विहीर खणताना आधी माती, मग मुरूम, मग काळा पाषाण लागतो. कधीकधी त्या पाषाणाखाली पुन्हा लाल मातीचा पट्टा निघतो. खणणारे म्हणतात, "गेरू लागला." पण एवढ्या टणक दगडाखाली माती आली कुठून?

सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी इथे जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या आणि पातळ लाव्हा बाहेर आला. एक थर थंड झाला की काही काळाने त्यावर दुसरा. असे थर साचून दख्खनचं पठार झालं. आजही हा दगड जवळपास ५ लाख चौरस किलोमीटरवर पसरलेला आहे. चंदेरी, मलंगगडाच्या कड्यांवर आडवे पट्टे दिसतात ना, तेच हे थर.

दोन थरांच्या मधे कधी हजारो वर्षं शांतता असायची. तेवढ्यात वरचा दगड कुजून माती व्हायची. मग पुढचा लाव्हा यायचा आणि ती माती विटेसारखी भाजून निघायची. गेरू म्हणजे ती भाजलेली जुनी जमीन.

हवेचंही तेच झालं. लाव्ह्यासोबत निघालेल्या गंधकाच्या वायूने ऊन अडवलं, थंडी पडली, आम्लाचा पाऊस झाला. कार्बन डायऑक्साइडने पुढे उष्णता वाढवली. त्याच काळात डायनोसॉर संपले. त्यात मेक्सिकोत पडलेल्या उल्केचा वाटा किती आणि आपल्या लाव्ह्याचा किती, हा वाद अजून चालूच आहे. १८१५ मध्ये इंडोनेशियातला तंबोरा हा एकच डोंगर फुटला, तर पुढच्या वर्षी युरोपात उन्हाळाच आला नाही, पिकं बुडाली. इथे तर लाखो वर्षं हे चाललं होतं.

गंमत म्हणजे हाच दगड हवा साफही करतो. पावसाच्या पाण्यात हवेतला कार्बन डायऑक्साइड विरघळतो, ते पाणी दगड कुजवतं आणि तो कार्बन नदीवाटे समुद्रात जातो. मागे उरते ती आपली माती.

पण हे काम फार सावकाश चालतं. अंबरनाथचं शिवमंदिर १०६० सालचं, याच काळ्या दगडाचं. साडेनऊशेहून जास्त पावसाळे झाले, नक्षी झिजली, पण मंदिर उभंच आहे. आता विचार करा, वावभर माती व्हायला किती पावसाळे लागले असतील?

भरावासाठी शेतातली माती ट्रकने देताना हा हिशोब मांडा. आणि पावसाआधी बांध बघून घ्या, फुटलेला असेल तर लगेच घाला.

तुमच्या विहिरीत गेरू किती फुटांवर लागला, नक्की कळवा.