तळटीप : वापर हक्क

* वापर हक्क : वायुवाहिनीसाठी जमीन सहसा विकत घेत नाहीत. १९६२च्या पेट्रोलियम व खनिज नळवाहिनी कायद्यानुसार फक्त वापराचा हक्क जातो. सातबारा शेतकऱ्याच्याच नावावर राहतो आणि त्या हक्कापोटी बाजारभावाच्या १० टक्के रक्कम मिळते. पिकाचे नुकसान वेगळे. पण त्या पट्ट्यात पुढे घर, विहीर, तळे, झाड काही करता येत नाही (माजी मालगुजारी म्हणजेच ‘मामा’ तलावांच्या भंडाऱ्यात ही बंदी जरा जास्तच टोचणारी). गेलची मुंबई–नागपूर–झारसुगुडा वाहिनी ज्या पूर्व विदर्भातून जाते, तिथे सरकारी जमिनीचा गुंता निराळाच आहे. महसूल दप्तरातले ‘झुडपी जंगल’ वनच आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५मध्ये ठरवले. त्यामुळे अशा जमिनीखालून नळ टाकायला १९८०च्या वन कायद्याखाली केंद्राची मंजुरीही लागते. — संपा.