बर्मीज : शब्द एक, अर्थ तीन

मुलांच्या वर्गात एखादे 'बर्मीज' मूल असले की घरी प्रश्न येतोच, "आई, बर्मीज म्हणजे कुठले?" आपण सांगतो, "ब्रह्मदेशचे." उत्तर बरोबर आहे, पण अपुरे आहे.

अर्थ : (१) ब्रह्मदेशाचा, म्हणजे आजच्या म्यानमारचा, कोणीही नागरिक. (२) तिथली राजभाषा. (३) तिथला बहुसंख्य बमार समाज.

उगम : त्या भाषेत देशाच्या नावाची दोन रूपे आहेत. बोलण्यात 'बमा' आणि लिहिण्यात 'म्यन्मा'. मूळ शब्द एकच. 'बमा'वरून इंग्रजांनी 'बर्मा' केले आणि त्याला जपानीज, चायनीजसारखा प्रत्यय लागून 'बर्मीज' झाले. १९८९ साली लष्करी सरकारने इंग्रजीतले नाव बदलून 'म्यानमार' केले, तरी भाषेला आणि माणसांना इंग्रजीत अजून 'बर्मीज'च म्हणतात.

मराठीत : आपला जुना शब्द 'ब्रह्मदेश'. लोकमान्य टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात गीतारहस्य लिहिले ते तिथेच. तिथला शेवटचा राजा थिबा याला इंग्रजांनी रत्नागिरीत ठेवले, आणि १९१६ साली तो तिथेच वारला. विशेषण म्हणून आपण 'ब्रह्मी' किंवा 'बर्मी' म्हणतो. 'ब्रह्मी' आणि 'ब्राह्मी' यांत मात्र गल्लत नको. ब्राह्मी ही भारतातली प्राचीन लिपी. गंमत अशी, की बर्मीज लिपी आणि आपली देवनागरी या दोन्हींचे मूळ ब्राह्मीतच आहे!

वापरताना : म्यानमारमध्ये शान, करेन, काचिन, चिन, मोन असे अनेक समाज आहेत आणि त्यांच्या भाषा वेगळ्या आहेत. अमेरिकेत निर्वासित म्हणून आलेल्यांत चिन आणि करेन कुटुंबे पुष्कळ आहेत. अशा घरातले मूल देशाने बर्मीज असेल, पण त्याची मातृभाषा बर्मीज नसेल. बमार सत्तेखाली भोगलेल्यांना तर हा शब्द टोचूही शकतो.

"तुम्ही इंडियन, म्हणजे घरी हिंदी बोलता ना?" हा प्रश्न आपल्यातल्या कितीजणांना आला असेल! तेव्हा 'मराठी' हा शब्द आपण किती आवर्जून सांगतो! म्हणून मुलांना एवढेच शिकवावे : देशासाठी आणि भाषेसाठी 'बर्मीज' चालेल, बहुसंख्य समाजासाठी 'बमार' म्हणावे, आणि समोरच्या मित्राला मात्र विचारावे, "तुमच्या घरी कोणती भाषा बोलतात?"