फटफटीचा घसा

मोटारसायकलला विलायतेने नाव दिलं ते तिच्या यंत्रावरून आणि चाकांवरून. आपण दिलं ते आवाजावरून! बैलगाडीला कोणी 'खडखडी' म्हटलं नाही, आगबोटीला 'भोंगी' म्हटलं नाही. पण ही आली आणि बारसं न करताच फटफटी झाली. तेव्हा फटफटीचा आवाज मोठा करून घेणाऱ्या आजच्या तरुणांना संस्कृतिरक्षक म्हणावं की काय, असा प्रश्न मला अधूनमधून पडतो. विशेषतः रात्री अकरानंतर पडतो.

मुळात ही फटफट होते कशी? सिलिंडरात पेट्रोलचा भडका उडतो, झडप उघडते आणि दाबलेला गरम वायू एकदम बाहेर झेपावतो. तसाच सोडला तर बंदुकीसारखा बार. लग्नात रागावलेल्या व्याह्यांना आपण ओटीवरून माजघरात, माजघरातून मागल्या पडवीत फिरवत फिरवत थंड करतो ना, तसा सायलेन्सर त्या वायूला भोकाभोकांच्या नळ्यांतून आणि आडव्या पडद्यांतून फिरवतो. परसदारी पोचेपर्यंत पाहुण्यांचा आवाज बसलेला असतो.

ही युक्ती जुनी. अमेरिकेतल्या रीव्ह्ज बंधूंनी १८९७ साली इंजिनाच्या अशा नळकांड्याचं पेटंट घेतलं. पुढची कथा बाप-लेकांची. हायरम मॅक्सिम यांनी १८८४ च्या सुमारास मशीनगन काढली आणि ती ऐकून ऐकून ते स्वतःच ठार बहिरे झाले. त्यांचा मुलगा हायरम पर्सी याने १९०९ साली बंदुकीच्या सायलेन्सरचं पेटंट मिळवलं आणि पुढे त्याच्या कंपनीने इंजिनांनाही सायलेन्सर पुरवले. बापाने जगाच्या कानठळ्या बसवाव्यात आणि मुलाने कापूस वाटत फिरावं, असं हे घराणं!

बुलेटचं घराणंही बंदुकीचंच. रायफलीचे सुटे भाग पुरवता पुरवता 'रॉयल एन्फील्ड' हे नाव पडलं, १९३२ साली 'बुलेट' आली आणि १९५५ साली मद्रासला कंपनी निघाली. तिच्या ठेक्याचं गणित सोपं आहे. सिलिंडर एकच, तोही भला मोठा, जुन्या बुलेटला ३४६ सीसीचा. दोन फेऱ्यांत एकदा ठोका. गाडी नुसती चालू असताना मिनिटाला हजार फेऱ्या धरा, म्हणजे पाचशे ठोके, सेकंदाला आठ. कानाला एकेक ठोका जवळजवळ सुटा लागतो, म्हणून ती डुगडुग.

आमच्या बोर्ली पंचतनला माझ्या लहानपणी गाड्या मोजक्या, त्यामुळे माणसं आवाजावरून कळत. येझदी आली म्हणजे दिवेआगरचा सुपारीवाला. राजदूत आली म्हणजे डॉक्टर. घरात कोणी तापाने फणफणलेलं असलं की सगळ्यांचे कान नाक्याकडे. राजदूतचा आवाज वळणावर आला, की औषधाआधीच आजीचा चेहरा उतरायचा थांबे. "आले गो डॉक्टर!"

आता आमच्या शाखेतूनच कर्ज काढून बुलेट घेतलेला एक तरुण आहे. मूळचा सायलेन्सर काढून त्याने 'इंदोरी' बसवला. यात पंजाब, डॉल्फिन, गोल्ड स्टार अशाही जाती आहेत. जणू आंब्याचीच कलमं. मी कारण विचारलं.

"काका, गाडी आली की कळायला नको? नाहीतर इलेक्ट्रिक स्कूटर काय वाईट होती?"

नळीत हात घालून कोणी शहाणपण मिळवलंच नाही असं नाही. १९५० च्या दशकात पूर्व जर्मनीत वाल्टर काडेन याने टू-स्ट्रोक गाडीच्या नळीला असा नेमका फुगवटा दिला, की परतणारी दाबाची लाट बाहेर निसटू पाहणारं ताजं मिश्रण सिलिंडरात मागे ढकले. ताकद वाढली, शर्यती जिंकल्या. पण त्यामागे मोजमाप होतं. आमच्याकडे नुसती पुंगळी काढतात. मधूनच जो फटाका फुटतो, ते न जळलेलं पेट्रोल नळीत जाऊन पेटलेलं असतं. म्हणजे पैसे मोजून घेतलेलं पेट्रोल चाकाऐवजी शेजाऱ्याच्या कानात घालायचं!

कायदाही आहे. १७५ सीसीवरच्या मोटारसायकलींना मर्यादा ८० डेसिबलची. डेसिबलचा हिशेब आमच्या चक्रवाढ व्याजाला लाजवणारा आहे. ८० चे ९० झाले म्हणजे आवाजातली ऊर्जा दहापट. २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्याच गुन्ह्याला १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा ३ महिन्यांपर्यंत कैद. पुण्यात तर पोलिसांनी जप्त केलेले सायलेन्सर ओळीने मांडून वर रोडरोलर फिरवला.

पण मला दंडापेक्षा ३ जून २०२० आठवतो. निसर्ग चक्रीवादळाने सुपारीच्या बागा आडव्या केल्या. वीज गेली, फोन गेले, रस्त्यांवर झाडं. मुंबईची पोरं कशी आहेत ते इथे कळेना, आणि आम्ही जिवंत आहोत हे तिथे. अशा सुन्न गावात म्हसळ्याच्या बाजूने एका मोटारसायकलचा आवाज आला. साधीच गाडी, सायलेन्सर जागच्या जागी. तरी सगळी आळी बाहेर आली. रस्ता मोकळा झाला, हे त्या आवाजाने सांगितलं होतं.

म्हणून त्या बुलेटवाल्याला मी परवा विचारलं, "बाबा रे, एवढं ओरडून सांगतोस, पण सांगायचंय काय?"

तो हसला, काहीतरी बोलला आणि त्याने गाडी चालू केली. बोलला ते मला काही ऐकू आलं नाही.