नांगर विकण्यासाठी निघालेले मासिक : 'किर्लोस्कर खबर' आणि छोट्या उद्योजकाचे जुने धडे

१/
छोट्या व्यावसायिकांना 'डिजिटल मार्केटिंग' शिकवणाऱ्या वर्गांत पहिल्याच दिवशी काही सूत्रे सांगितली जातात : ग्राहक ओळखा, त्याच्या शंकांना उत्तरे द्या, उपयुक्त मजकूर देत राहा, आधी विश्वास कमवा आणि मग विक्री करा. ही सूत्रे मोबाइलच्या पडद्यावर जन्मली, असा आपला सर्वसाधारण समज असतो. महाराष्ट्रात त्यांचा एक ठळक प्रयोग शंभर वर्षांपूर्वी औंध संस्थानातल्या एका माळरानावर झाला. विकायची वस्तू होती लोखंडी नांगर आणि साधन होते एक मासिक. त्या प्रयोगाचा हा धागा.

२/
लक्ष्मणराव किर्लोस्कर (१८६९–१९५६) मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत चित्रकला शिकायला गेले होते. रंगांधळेपणामुळे ती वाट बंद झाली. मग ते यांत्रिक रेखाटनाकडे वळले आणि व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिक्षक झाले. थोरले बंधू रामूअण्णा बेळगावात होते. १८८८ मध्ये दोघांनी सायकलींचे दुकान काढले. लक्ष्मणरावांनी मुंबईत सायकल खरेदी करून पाठवायची आणि रामूअण्णांनी ती बेळगावात विकायची, अशी वाटणी होती. 'किर्लोस्कर ब्रदर्स'चा आरंभ हा असा आहे.

३/
या टप्प्यावरचा व्यवसाय आजच्या कोणत्याही छोट्या विक्रेत्यासारखाच होता : मोठ्या शहरातली वस्तू आणायची आणि गावात विकायची. सायकल ही त्या काळी सुखवस्तू, शिकलेल्या माणसाची हौस होती. तिची उपयुक्तता पटवून द्यावी लागत नसे, कारण घेणाऱ्याला ती आधीच हवी असे. पुढे किर्लोस्कर शेतीच्या अवजारांकडे वळले. कडबा कापण्याचे यंत्र आले, लोखंडी नांगर आला. आता ग्राहक निराळा होता आणि त्याने ही वस्तू मागितलेली नव्हती.

४/
लोखंडी नांगराचा फायदा खरा होता. दख्खनच्या काळ्या, भारी जमिनीत हरळी आणि कुंदा खोलवर मुळे धरतात. बाभळीच्या लाकडाचा जड नांगर त्यांच्यापर्यंत पोहोचवायचा तर बैलांच्या अनेक जोड्या जुंपाव्या लागत. लोखंडी नांगर माती कापतो आणि उलटीही करतो, त्यामुळे तणाची मुळे उघडी पडतात. मुंबई इलाख्याचे कृषी खातेही अशा नांगरांचा पुरस्कार करीत होते आणि इंग्लंडमधल्या इप्सविचच्या रॅन्सम्स कंपनीचे नांगर बाजारात होते.

५/
तरीही किर्लोस्करांचे पहिले नांगर खपले नाहीत. याची प्रसिद्ध कथा आपण सर्वांनी ऐकलेली असते : लोखंडामुळे जमिनीत विष भिनते, असे शेतकऱ्यांना वाटे, म्हणून पहिला नांगर विकायला दोन वर्षे लागली. उद्योजकतेवरच्या भाषणांत ही कथा हमखास येते. तिचा ठरलेला अर्थ असा : द्रष्टा कारखानदार, अडाणी गिऱ्हाईक आणि शेवटी चिकाटीचा विजय.

६/
इतिहासाच्या विद्यार्थ्याने इथे थोडे थांबायला हवे. ही कथा विकणाऱ्याच्या बाजूने सांगितलेली आहे. घेणाऱ्याच्या बाजूने पाहू. गावगाड्यात सुतार आणि लोहार हे बलुतेदार होते. वर्षभर अवजारे दुरुस्त करायची आणि सुगीला खळ्यावर धान्याचे बलुते न्यायचे, असा तो व्यवहार. लाकडी नांगर मोडला तर रोख पैसा लागत नसे. सुतार गावातच असे, लाकूड बहुधा बांधावरच्या बाभळीचे असे आणि मेहनताना पीक आल्यावर द्यायचा असे.

७/
लोखंडी नांगराने हा सगळा हिशेब बदलला. किंमत रोख मोजायची, तीही पीक हाती येण्यापूर्वी. फाळ झिजला तर नवा कुठून आणायचा? ऐन नांगरटीत काही तुटले तर गावच्या लोहाराला ओतीव लोखंड सांधता येईल काय? बैलांना ओढ झेपेल काय? 'जमिनीत विष भिनते' या वाक्यामागे हे सारे प्रश्न उभे होते. ज्याचे वर्षभराचे पोट एका हंगामावर अवलंबून आहे, त्याने अपरिचित यंत्राविषयी साशंक असणे हा शहाणपणाचाच भाग होता.

८/
पहिला धडा इथेच मिळतो. गिऱ्हाइकाच्या नकाराला अज्ञान म्हणून मोकळे होणारा विक्रेता त्या नकारातून काही शिकत नाही. नकाराचे कारण शोधणाऱ्याला मात्र आपण काय द्यायला हवे, हे कळते. शेतकऱ्याच्या शंकेला उत्तर एकच होते : नांगर शेतात चालवून दाखवणे आणि सुटे भाग हाताशी ठेवणे. इप्सविचच्या कारखान्यापेक्षा बेळगावच्या कारखान्याला हे सोपे होते. देशी कारखानदाराची खरी जमेची बाजू ही जवळीक होती.

९/
बेळगावातली जागा मात्र टिकली नाही. नगरपालिकेच्या नव्या वस्तीच्या योजनेत ती गेली. तेव्हा औंधचे अधिपती भवानराव श्रीनिवासराव पंतप्रतिनिधी यांनी लक्ष्मणरावांना आपल्या संस्थानात बोलावले आणि कुंडल रोड स्थानकाजवळचा निवडुंगाने भरलेला माळ दिला. १९१० मध्ये तिथे किर्लोस्करवाडी वसू लागली. कारखाना शहरापासून दूर गेला खरा, पण रेल्वेच्या रुळाला लागून उभा राहिला. ही गोष्ट पुढच्या कथेत महत्त्वाची आहे.

१०/
आज छोटा व्यावसायिक ज्यांना 'प्लॅटफॉर्म' म्हणतो, त्यांचे काम त्या काळी रेल्वे आणि टपालखाते करीत असत. भारतात १८७७ मध्ये व्हॅल्यू पेएबल पोस्टाची, म्हणजे व्ही. पी. ची सोय झाली. माल टपालाने यायचा, गिऱ्हाइकाने पोस्टमनला पैसे द्यायचे आणि ते विक्रेत्याला पोचते व्हायचे. आजच्या 'कॅश ऑन डिलिव्हरी'चे हेच तत्त्व. त्याचबरोबर नोंदणीकृत नियतकालिकांना टपालदरात सवलत मिळे. कोपऱ्यातल्या कारखान्यालाही दूरच्या गावात आपला शब्द पोहोचवणे शक्य झाले.

११/
पण शब्द पोहोचणे वेगळे आणि त्यावर विश्वास बसणे वेगळे. त्या काळच्या मराठी वर्तमानपत्रांत जाहिराती विपुल होत्या. शक्तिवर्धक गोळ्या, केसांची तेले, सर्व रोगांवर एकच रामबाण उपाय आणि खाली 'व्ही. पी. ने मागवा' अशी सूचना. अतिशयोक्ती हाच या जाहिरातींचा स्वभाव होता. अशा गर्दीत 'आमचा नांगर उत्तम' असे छापून आणल्याने तो नांगरही गोळ्या-तेलांच्या पंगतीत बसण्याचा धोका होता.

१२/
शिवाय वाचणार कोण? १९२१ च्या जनगणनेत भारतातील साक्षरांचे प्रमाण शंभरात जेमतेम सात होते. मात्र साक्षर आणि श्रोते यांत फरक आहे. गावातला शाळामास्तर किंवा तलाठी चावडीवर, देवळाच्या पारावर वर्तमानपत्र मोठ्याने वाचून दाखवी आणि भोवतालचे ऐकत. छापील मजकुराचा प्रवास कागदावर संपत नसे. ज्याच्या तोंडून तो वाचला जाई, त्या माणसाची गावातली पतही त्या मजकुराला लाभत असे.

१३/
या पार्श्वभूमीवर लक्ष्मणरावांचे पुतणे शंकर वासुदेव किर्लोस्कर (१८९१–१९७५) यांच्याकडे पाहायला हवे. मराठी वाचक त्यांना 'शंवाकि' म्हणून ओळखतो. 'शंवाकीय' हे त्यांचे आत्मचरित्र. पिंड चित्रकाराचा आणि कारखान्यात काम जाहिरातीचे. १९२० मध्ये त्यांनी 'किर्लोस्कर खबर' सुरू केले. इतरांच्या वर्तमानपत्रात चार ओळींची जागा विकत घेण्याऐवजी कारखान्याने स्वतःचेच पान निर्माण केले.

१४/
आरंभी 'खबर' हे कारखान्याचे मुखपत्र होते. किर्लोस्करवाडीत काय चालले आहे, कोणता माल तयार होतो आहे, हे गिऱ्हाइकांना कळवणे हा हेतू. पण अंकामागून अंक केवळ आपल्याच मालाविषयी बोलणारे मासिक कोण वाचणार? हळूहळू त्यात उद्योगधंद्याविषयी, स्वावलंबनाविषयी, नव्या विचारांविषयी लेखन येऊ लागले. वाचक मजकुरासाठी अंक उघडू लागला आणि 'किर्लोस्कर' हे नाव त्याच्या घरात रुजत गेले. मासिकाने विकत घेण्याचा आग्रह कमी आणि ओळख अधिक निर्माण केली.

१५/
जगात असे प्रयोग आधी झाले होते. अमेरिकेत नांगर बनवणाऱ्या जॉन डिअर कंपनीने १८९५ मध्ये शेतकऱ्यांसाठी 'द फरो' हे नियतकालिक सुरू केले. 'फरो' म्हणजे नांगराचे तास. फ्रान्समध्ये टायर बनवणाऱ्या मिशेलिनने १९०० मध्ये मोटारचालकांसाठी मार्गदर्शिका काढली. माणसे मोटारीतून अधिक हिंडली की टायर अधिक झिजतील, हा त्यातला साधा हिशेब. आज ज्याला 'कंटेंट मार्केटिंग' म्हणतात, त्याचे हे पूर्वज. किर्लोस्करवाडीचे मासिक याच कुळातले.

१६/
मात्र मराठीत या प्रयोगाने वेगळे वळण घेतले. पुढे नावातला 'खबर' हा शब्द गळाला आणि मासिक केवळ 'किर्लोस्कर' झाले. १९३० मध्ये 'स्त्री' आणि १९३४ मध्ये 'मनोहर' ही भावंडे जन्मली. नांगराच्या जाहिरातीतून निघालेल्या या घराण्याने स्त्रीशिक्षण, पुनर्विवाह, जातिभेद, अंधश्रद्धा यांवर वादळी चर्चा घडवल्या. सावरकरांचे विज्ञाननिष्ठ निबंध 'किर्लोस्कर'मधून प्रसिद्ध झाले. जाहिरातीचे साधन विचारांचे व्यासपीठ बनले.

१७/
यातला धोका लक्षात घ्या. ज्यांना नांगर विकायचे, त्यांतले अनेक जण जुन्या रूढी मानणारे. त्यांच्याच श्रद्धांची चिकित्सा करणारे लेख कारखान्याच्या नावाने निघणाऱ्या मासिकात छापायचे, हे केवळ विक्रीच्या हिशेबात बसणारे नव्हते. 'कोणालाही दुखवू नका' हा आज व्यावसायिकांना दिला जाणारा सल्ला त्या संपादकाने पाळला असता, तर 'किर्लोस्कर' हे मालाचे सूचीपत्र राहिले असते. वाचकाला त्या पानांत एक ठाम भूमिका दिसली आणि विश्वास तिच्यावर बसला.

१८/
या यशाची दुसरी बाजूही नोंदवायला हवी. लोखंडी नांगर जसजसा रुळला, तसतशी गावच्या सुताराच्या बलुत्याची एक मोठी गरज उणी झाली. ज्याच्याकडे रोख पैसा आणि दमदार बैल होते, त्याला नवे अवजार आधी परवडले. अल्पभूधारक मागे राहिला. उत्तम जाहिरात उत्तम वस्तू अनेकांपर्यंत नेते, पण कोणाकोणापर्यंत आणि कोणाला वगळून, हा प्रश्न तिच्या यशाने सुटत नाही. सुताराची बाजू मांडणारे मासिक कोणी काढले नाही, म्हणून ती आपल्याला ऐकू येत नाही.

१९/
आता आजच्या छोट्या उद्योजकाकडे येऊ. लोणची विकणारा बचत गट असो किंवा सायकल दुरुस्तीचे दुकान, या इतिहासातून चार गोष्टी घेता येतील.
एक : गिऱ्हाइकाच्या नकाराची कारणे वहीत लिहा. पुढचा मजकूर त्यांतूनच मिळेल.
दोन : वस्तू वापरून दाखवा आणि विक्रीनंतर सापडा. सुट्या फाळाचा प्रश्न प्रत्येक धंद्यात असतो.
तीन : गिऱ्हाइकाला विकत न घेताही उपयोगी पडेल, असे काही नियमित द्या.
चार : समाजमाध्यमाचे पान भाड्याच्या जागेसारखे असते. तिथले नियम मालक कधीही बदलतो. गिऱ्हाइकांची नावे, पत्ते आणि त्यांच्याशी असलेला थेट संवाद आपल्या हाती ठेवा.

२०/
शेवटी एक विनंती. जुन्या मासिकांची बांधणी करताना जाहिरातींची पाने फाडून टाकण्याची रीत आपल्याकडे अनेक ठिकाणी होती. 'मजकूर' जपला आणि 'जाहिरात' रद्दीत गेली. त्यामुळे कोणती वस्तू कितीला मिळे, ती कोणत्या शब्दांत विकली जाई आणि कोणाला उद्देशून, हे सांगणारा पुरावाच हरवला. तुमच्या घरी, वाड्याच्या माळ्यावर किंवा गावच्या वाचनालयात 'किर्लोस्कर', 'स्त्री', 'मनोहर' यांचे सुटे अंक असतील, तर ते मुखपृष्ठापासून मलपृष्ठापर्यंत संपूर्ण जपा. पानांची छायाचित्रे घेऊन ठेवा.

२१/
आणि तुमचा स्वतःचा छोटा व्यवसाय असेल, तर आपल्या जाहिरातींची एक प्रतही जपून ठेवा. मोबाइलवरची जाहिरात दुसऱ्या दिवशी दिसेनाशी होते. रद्दीत गेलेले पान एखादे वेळी सापडते, पण पुसलेल्या जाहिरातीचा कपटाही उरत नाही. शंभर वर्षांनी कोणी आपल्या काळातल्या छोट्या दुकानदारांचा इतिहास लिहायला बसला, तर त्याच्या हाती काही लागले पाहिजे.

पुढच्या धाग्यात : एकेक पैसा गोळा करून तळेगावात उभा राहिलेला काचेचा कारखाना, अर्थात पैसा फंड. हा धागा उपयुक्त वाटला, तर एखाद्या दुकानदार मित्रालाही पाठवा.