मेंदूप्रतिमांच्या गटतुलनेत डोक्याच्या हालचालीची दखल : एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना :
मोजावयाची गोष्ट आणि मापनात शिरलेला अडथळा यांना परस्परांपासून वेगळे करणे, ही प्रायोगिक विज्ञानाची जुनी अडचण आहे. मेंदूचे कार्य टिपणाऱ्या एफएमआरआय तंत्रात डोक्याची हालचाल हा असाच अडथळा ठरतो. गटांची तुलना करताना त्याची दखल कशी घेतली गेली, याचा आढावा प्रस्तुत लेखात घेतला आहे.

अलिबागचा पूर्वदाखला :
रायगड जिल्ह्याच्या इतिहासात या अडचणीचे एक उत्तम उदाहरण सापडते. मुंबईत विजेच्या ट्रामगाड्या येणार हे निश्चित झाल्यावर त्यांच्या विद्युतप्रवाहामुळे कुलाबा वेधशाळेतील भूचुंबकीय नोंदी दूषित होणार, हे उघड होते. संचालक डॉ. एन. ए. एफ. मूस यांच्या पुढाकाराने अलिबाग येथे नवी वेधशाळा उभी राहिली. १९०४ ते १९०६ या काळात दोन्ही ठिकाणी समांतर नोंदी घेण्यात आल्या. त्यामुळे जुन्या व नव्या नोंदींची सांगड घालता आली. मुंबईत विजेची ट्राम १९०७ मध्ये धावली. येथे अडथळा येण्यापूर्वीच उपकरण हलविता आले. मेंदूच्या मापनात ही सोय नाही. कारण अडथळा मापनाच्या विषयातच असतो.

दुरुस्तीचे पहिले पर्व :
रक्तातील प्राणवायूच्या प्रमाणानुसार बदलणारा चुंबकीय संकेत सेइजी ओगावा व सहकाऱ्यांनी १९९० मध्ये वर्णिला. १९९२ पासून त्याचा मानवी मेंदूवर वापर सुरू झाला. दर दोन-तीन सेकंदांनी संपूर्ण मेंदूची प्रतिमा घेतली जात असल्याने डोके किंचित सरकले तरी प्रतिमेतील त्याच चौकटीत वेगळा भाग येतो. म्हणून तीन सरळ व तीन फिरत्या, अशा सहा मापांच्या आधारे प्रतिमा एकमेकींशी जुळविल्या जात. मात्र जुळवणीनंतरही हालचालीचा परिणाम उरतो, हे कार्ल फ्रिस्टन व सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये दाखविले आणि ती मापे समाश्रयणात घेण्याची रीत रूढ झाली.

२०१२ चे वळण :
२०१२ मध्ये तीन अमेरिकी संशोधनगटांनी स्वतंत्रपणे दाखविले की, मिलिमीटरच्या अंशाइतक्या हालचालीनेही मेंदूच्या दूरच्या भागांतील सहसंबंध कमी आणि जवळच्या भागांतील सहसंबंध अधिक भासतात. मुले प्रौढांपेक्षा अधिक हलतात. त्यामुळे वयानुसार दूरचे संबंध बळावतात, या निष्कर्षाचा काही अंश हालचालीतून आला असावा, असे दिसून आले. विशेष म्हणजे हा निष्कर्ष पूर्वी मांडणाऱ्यांपैकी काहींनीच ही त्रुटी उघड केली.

यानंतर सदोष प्रतिमा वगळणे, समान हालचालीच्या व्यक्ती निवडणे आणि सरासरी हालचाल गटविश्लेषणात सहचल म्हणून घेणे, हे उपाय प्रचारात आले. प्रत्येकाची किंमत आहे. फार हलणाऱ्यांना वगळल्यास लहान मुले व रुग्णच अधिक गळतात आणि उरलेला नमुना प्रातिनिधिक राहत नाही. हालचाल वयाशी किंवा आजाराशी निगडित असेल, तर सहचलाबरोबर खरा फरकही पुसला जाऊ शकतो.

निष्कर्ष :
गणिती दुरुस्ती आवश्यक असली तरी पुरेशी नाही. मापनाच्या वेळीच हालचाल कमी करणे, प्रत्येक गटातील हालचालीचे प्रमाण व वगळलेल्यांची संख्या नमूद करणे आणि निरनिराळ्या पद्धतींनी निष्कर्ष टिकतो का हे पडताळणे अगत्याचे ठरते. अलिबागच्या समांतर नोंदींचे महत्त्वही याच पडताळणीत होते.