किती उशा घेता, आजी?

"बाई, दम लागतोय. काळजात कसंतरीच होतंय." रात्री दाखल झालेल्या सत्तरीच्या आजी एवढंच बोलल्या आणि पुन्हा धापा टाकू लागल्या. दुसऱ्या वर्षाच्या माझ्या विद्यार्थिनीने कागदावर लिहिलं : दम्याचा पेशंट. पोरीचं काही फार चुकलं नव्हतं. 'दम' आणि 'दमा' यांच्यात एका कान्याचंच तर अंतर आहे. पण त्या कान्यात अख्खं फुप्फुस आणि अख्खं हृदय मावतं.

दम फारसी आहे. तिकडे त्याचा अर्थ साधा श्वास. हमदम म्हणजे बरोबरीने श्वास घेणारा, बेदम म्हणजे ज्याचा श्वास संपला तो. दमा हा शब्दही त्याच घरातून आला. मराठीने मात्र या पाहुण्याला हरतऱ्हेने राबवलं. आपण दम धरतो, दम खातो, दम काढतो आणि समोरचा ऐकत नसेल तर त्याला दमही देतो. दम बिर्याणीतला दम हाच, तिथे भांडं आपल्याच वाफेत श्वास घेतं. शम-दमातला दम निराळा. तो संस्कृत, आवरण्याच्या अर्थाचा. दोघे एकाच कपड्यात फिरतात म्हणून लोक त्यांना भाऊ समजतात, इतकंच.

दम लागणं ही तक्रार झाली आणि दमा हा रोग. दम्यात श्वासनलिका आवळतात, आतून सुजतात, चिकट कफ धरतात. आत गेलेली हवा बाहेर काढतानाच जास्त हाल होतात आणि छातीत शिट्टी वाजते. आजींचं दुखणं वेगळं होतं. त्यांच्या हृदयाचा डावा कप्पा थकला होता. आलेलं रक्त तो पुढे ढकलू शकत नव्हता, त्यामुळे दाब मागे फुप्फुसात साचत होता आणि केशवाहिन्यांमधून पाणी वायुकोशांत झिरपत होतं. माणूस आडवा झाला की पायांकडचं रक्तही छातीकडे येतं आणि त्रास वाढतो. म्हणून मी विचारलं, "रात्री किती उशा घेता, आजी?"

"उशा कसल्या? झोपतंय कोण! महिना झाला, भिंतीला टेकून बसते."

याला वैद्यकात ऑर्थोप्निया म्हणतात. ग्रीकमध्ये ऑर्थोस म्हणजे ताठ आणि प्नोए म्हणजे श्वास. 'ताठ बसून घ्यायचा श्वास' असं आजींनी भिंतीसकट सांगितलंच होतं. तरी एक उत्तर ऐकून निकाल देऊ नये. बसल्यावर बरं वाटणं दम्यातही असतं, आणि चरकाने ते तमकश्वासाच्या वर्णनात नोंदवून ठेवलं आहे. चरकाचे श्वास पाच : महा, ऊर्ध्व, छिन्न, तमक आणि क्षुद्र. त्यातला छिन्न, म्हणजे तुटत तुटत चालणारा श्वास, वाचताना मला डब्लिनचे दोन डॉक्टर आठवतात. जॉन चेन यांनी १८१८ मध्ये आणि विल्यम स्टोक्स यांनी १८५४ मध्ये वाढत जाणारा, ओसरणारा आणि मध्येच थांबणारा श्वास टिपला. आज तो त्या दोघांच्या नावाने ओळखला जातो, आणि खंगलेल्या हृदयाच्या रोग्यात आम्ही तो रात्रपाळीत घड्याळ धरून मोजतो. एका उत्तरावर विसंबायचं नव्हतं, म्हणून आजींच्या पायांवर बोट दाबून पाहिलं. खळगा पडला आणि बराच वेळ भरला नाही.

आता काळीज. शब्दाच्या मुळाशी जाल तर आजी यकृताबद्दल बोलत होत्या. संस्कृत कालेय म्हणजे यकृत. त्याचंच हिंदीत कलेजा झालं, मराठीत काळीज. मटणाच्या दुकानात हा जुना अर्थ अजून शाबूत आहे, तिथे काळीज मागितलं तर कोणी हृदय देत नाही. माया, भीती, धैर्य यांचं बिऱ्हाड आपण यकृतातून हलवून हृदयात नेलं, पण दारावरची पाटी बदलायची राहिली. काळजी हा शब्दही या काळजातलाच. दिवसातून पन्नासदा आम्ही 'काळजी घ्या' म्हणतो, तेव्हा कोणता अवयव सांभाळायला सांगतो ते देव जाणे.

हृदय या शब्दावर तर सध्या एक मेसेज मोबाइलवर फिरत असतो. 'हृ' म्हणजे रक्त घेणं, 'द' म्हणजे देणं, 'य' म्हणजे नियमन, म्हणून रक्ताभिसरण आपल्याला आधीच ठाऊक होतं, वगैरे. तीन अक्षरांची ही फोड बृहदारण्यक उपनिषदात आहे खरी, पण तिथे रक्ताचा थेंबही नाही. हे जाणणाऱ्याकडे आपले-परके सगळे भेटी आणतात, त्याला देतात आणि तो स्वर्गाला जातो, असा तो अर्थ. उपासनेसाठी केलेला अक्षरांचा खेळ आहे तो, आणि सुंदर आहे. त्याला हृदयरोगाच्या पुस्तकात कोंबायची गरज नाही. मला जास्त भुरळ पडते ती श्रद्धेची. ग्रीक कार्डिया, लॅटिन कोर आणि इंग्रजी हार्ट ज्या मुळातून आले, त्याच मुळातून श्रद्धेतला 'श्रद्' आला, असं बहुतेक भाषाशास्त्रज्ञ मानतात. श्रद्धा म्हणजे हृदय ठेवणं. कार्डिऑलॉजीची सख्खी बहीण अशी आपल्या देवघरात बसली आहे.

रक्तवाहिन्यांच्या नावांनी मात्र विद्यार्थिनींना रडवलंय. धमनी आली 'ध्मा' या धातूपासून. ध्मा म्हणजे फुंकणे, भाता चालवणे. ग्रीकांचा आर्टेरिया हा शब्द आधी श्वासनळीला होता. प्रेतात धमन्या रिकाम्या दिसत, म्हणून त्यांतून हवा वाहते असं जुन्या ग्रीक वैद्यांना वाटे. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात गेलनने त्यांत रक्तच असतं हे दाखवलं आणि ते गोल फिरतं हे विल्यम हार्वे यांनी १६२८ मध्ये. तोवर नाव चिकटलं होतं. मराठी पुस्तकांनी हवेचा घोळ टाळून रंगाची नावं घेतली : लाल रक्ताची ती रोहिणी, निळसर रक्ताची ती नीला. कानाला किती गोड! आणि फुप्फुसाशी आलं की दोन्ही तोंडघशी पडतात. फुप्फुसाच्या रोहिणीतून अशुद्ध, काळपट रक्त जातं आणि फुप्फुसाच्या नीलेतून लालभडक परत येतं. मी मुलींना सांगते, नावातला रंग विसरा. हृदयापासून दूर नेते ती रोहिणी, हृदयाकडे आणते ती नीला.

रक्त हेही मुळात रंगाचंच नाव, 'रंगवलेलं' या अर्थाचं. रंग, अनुरक्त, विरक्त ही सगळी त्याचीच भावंडं. फारसीत खून म्हणजे रक्त. हिंदीने दोन्ही अर्थ ठेवले, आपण फक्त हत्या ठेवली. त्यामुळे 'खून की कमी है' हे हिंदी पेशंटचं वाक्य नव्या मराठी पोरींना पहिल्यांदा ऐकताना गमतीचं वाटतं. आपल्याकडे रक्त 'पॉइंट'मध्ये मोजतात. 'सात पॉइंट आहे' म्हणजे हिमोग्लोबिन शंभर मिलिलिटरला सात ग्रॅम. ग्रीकमधून आलेला अॅनिमिया 'रक्तच नाही' असं म्हणतो, आपला पांडुरोग फिकटपणा दाखवतो. खालची पापणी ओढून बघणाऱ्या सिस्टरला दुसराच जास्त उपयोगी.

सकाळी आजींचा मुलगा आला. "सिस्टर, छातीत पाणी झालंय म्हणतात. सुई घालून काढणार ना?" मराठीत छातीतलं पाणी एकच, प्रत्यक्षात दोन. फुप्फुसाभोवतीच्या आवरणात साचलेलं पाणी सुईने काढता येतं. आजींचं पाणी फुप्फुसाच्या आत, स्पंजात मुरावं तसं होतं. त्याला सुई नाही. त्यासाठी फ्युरोसेमाइडचं इंजेक्शन दिलं होतं, आणि ते पाणी लघवीवाटे जाणार होतं.

"छातीतलं पाणी लघवीतून?" त्याचा विश्वास बसेना. मी पलंगाखालची पिशवी दाखवली, तक्त्यावर रात्रभराचा आकडा दाखवला. भाषेतलं नातं तेव्हा सांगितलं नाही, ती वेळ नव्हती. फुप्फुस हा शब्द भात्याच्या आवाजासारखा वाटतो. इंग्रजांचा 'लंग' मात्र वजनावरून आला, कारण हा अवयव हलका, पाण्यावर तरंगणारा. त्या 'लंग'चं आणि संस्कृत 'लघु'चं मूळ एकच. आणि लघुशंकेची आपण केली लघवी.

दुपारी आजी एका उशीवर झोपल्या होत्या.